जुने फर्निचर घेताना पॉलिश सर्वांत शेवटी

जुने फर्निचर घेऊन पस्तावलेली माणसे बहुतेक वेळा लाकूड ओळखण्यात चुकलेली नसतात, क्रमात चुकलेली असतात. आधी वस्तू डोळ्यांत भरते. मग भावाची घासाघीस होते. मग दुकानदार "पॉलिश मारून देतो" म्हणतो, ते छान वाटते. टेप बाहेर येते ती कपाट जिन्याच्या वळणावर अडकल्यावर, आणि पॉलिशखाली काय दडले होते ते पहिल्या पावसाळ्यात कळते.

पुढचे टप्पे घरात रोज वापरायच्या वस्तूंसाठी आहेत: सागवानी नि शिसवी कपाटे, आरामखुर्च्या, पलंग, मेजे, पेटारे, इराणी हॉटेलांतल्या गोल बैठकीच्या खुर्च्या. त्या मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याला मिळोत, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळोत, नाहीतर वाडा पाडायला निघालेल्या नातेवाइकांकडून. शंभर वर्षांवरची ती अँटिक आणि त्याअलीकडची ती व्हिंटेज असा ढोबळ हिशोब आहे, पण बाजारात दोन्ही शब्द बेधडक वापरले जातात. संग्रहासाठी घेत नसाल तर वयाच्या मागे फार लागू नका. सत्तर वर्षांची घट्ट सांध्यांची खुर्ची ही दीडशे वर्षांच्या डुगडुगत्या खुर्चीपेक्षा केव्हाही चांगली.

टप्पा १: घरातली मापे, बाजारात जाण्याआधी

भिंतीची मोकळी जागा सगळेच मोजतात. वाटेची मापे राहून जातात. इमारतीचे दार, लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली उंची आणि खोली, जिन्याच्या वळणावरची चौकातली जागा, घराचे मुख्य दार, खोलीचे दार: हे सगळे इंचात लिहून फोनमध्ये ठेवा. दाराचे माप चौकटीच्या आतून घ्या, आणि दार पूर्ण उघडत नसेल तर पल्ल्याची जाडी वजा करा.

उंच कपाट आडवे करून खोलीत नेतात आणि मग उभे करतात. उभे करताना त्याला स्वतःच्या उंचीपेक्षा थोडी जास्त जागा लागते. ८४ इंच उंच आणि २० इंच खोल कपाट उभे होताना साधारण ८६ इंचांपर्यंत जाते. छत नऊ फुटांचे असेल तर काळजी नाही. पण फॉल्स सीलिंग असेल, पोटमाळा असेल किंवा पंखा मध्ये येत असेल तर हा हिशोब आधीच करा.

वापराची मापे वेगळी. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण २९-३० इंच आणि खुर्चीच्या बैठकीची १७-१८ इंच असावी, म्हणजे मांडीवर दहा-बारा इंच जागा उरते. जुन्या खुर्च्यांचे पाय कापलेले निघतात, जुन्या मेजांच्या वरच्या फळीखालच्या आडव्या पट्ट्या खाली आलेल्या असतात. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणार असाल तर हे जमवून बघावेच लागते.

कपाटांबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. जुनी कपाटे बरेचदा घडी घातलेल्या कपड्यांसाठी केलेली आहेत, त्यांची खोली चौदा ते अठरा इंच असते. हँगरला आडवे लटकवायला आतून बावीस इंच तरी लागतात. म्हणजे शर्ट-साड्या टांगायच्या असतील तर असे कपाट घेऊन दार लागणार नाही. पुस्तके, चादरी, भांडी यांना मात्र ते उत्तम. पलंगाचेही तसेच. जुना छत्रीपलंग आजच्या गादीच्या मापाचा क्वचितच असतो. ७८ बाय ७२ किंवा ७५ बाय ६० इंचांची तयार गादी बसेल असे गृहीत धरू नका. कापसाची गादी हव्या त्या मापाची भरून मिळते, तोच तोडगा.

> तपासा: वस्तूचे वजन पेलेल का? सागाचे वजन घनफुटाला साधारण १८ किलो, शिसवीचे २४ च्या आसपास. झोपाळा टांगायचा असेल तर स्लॅबच्या कड्यांबद्दल आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. प्लॅस्टरमध्ये ठोकलेला हूक चालणार नाही.

टप्पा २: सोबत काय न्यायचे, कधी जायचे

टेप, चांगला टॉर्च, छोटे लोहचुंबक, जाड सुई किंवा टाचणी, पांढरा कागद, कापसाचा बोळा आणि लहान बाटलीत थोडे पॉलिशचे स्पिरिट. एवढे पुरे. भिंग असेल तर उत्तम.

वेळ सकाळची किंवा दुपारची. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक लाकूड शिसवी दिसते. मटण स्ट्रीटवरची बरीच दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर वेगळाच, फुटकळ मालाचा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो. ओशिवऱ्याला जुन्या मालासोबत जुन्या लाकडातून नव्याने केलेला माल आणि सरळ नवा मालही असतो. तिन्ही घेण्यात गैर काही नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत हवे.

ऋतूचाही विचार करा. भर पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते. खण घट्ट लागतात, फटी मिटलेल्या दिसतात. एप्रिल-मेमध्ये तेच कपाट आपल्या खऱ्या भेगा दाखवते. निवांतपणे निवडायचे असेल तर उन्हाळा बरा.

दुकानात शिरल्यावर पहिले वाक्य हे म्हणा: "बिनपॉलिशचा माल दाखवा." दुकानदाराच्या मागच्या गोदामात धूळ खात, एका पायावर उभे असलेले जे काही असते, तेच पाहण्यासारखे. ताज्या चकाकत्या पॉलिशखाली लांबी (पुट्टी) भरलेल्या भेगा, रंगवलेले दुसरे लाकूड, किडीची बुजवलेली छिद्रे सगळे सामावून जाते. बिनपॉलिशचा माल स्वस्तही पडतो, आणि पॉलिश आपल्या माणसाकडून करून घेता येते.

टप्पा ३: वस्तू उलटी करा

जुन्या कारागिराने जिथे कोणी बघणार नाही तिथे मेहनत केलेली नाही. म्हणून खरे वय आणि खरी डागडुजी खालच्या बाजूला, पाठीला आणि खणांच्या पोटात सापडते. दुकानदार उलटे करू देत नसेल तर तिथून निघा.

बघायचे ते या क्रमाने. आधी पायांचे तळवे. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसतात, त्यामुळे वर्षानुवर्षे पाणी पायांच्या टोकांतून वर चढते. टोक मऊ, काळपट, भुसभुशीत असेल तर सुई सहज आत जाते. हा भाग कापून नवीन लाकूड जोडता येते, पण चारही पायांना ते करावे लागले तर खर्च धरून भाव करा. सगळे पाय सारख्याच उंचीचे आणि स्वच्छ कापलेले असतील तर आधीच कोणीतरी सडका भाग उडवला आहे. मग उंची मोजा.

मग फळ्यांची मागची बाजू. हातकरवतीच्या खुणा थोड्या वाकड्या, कमीजास्त अंतराच्या असतात. पट्ट्याच्या यंत्रकरवतीच्या खुणा सरळ आणि सारख्या, गोल करवतीच्या कमानदार. हाताने रंधा मारलेल्या फळीवरून बोटे फिरवली तर हलके उंचवटे लागतात. पुढून "दीडशे वर्षांचे" आणि मागे प्लायवुड असेल तर पाठ तरी बदललेली आहे. बदललेली पाठ हा गुन्हा नव्हे, पण भाव त्याप्रमाणे हवा.

खण पूर्ण बाहेर काढा. पुढची फळी आणि बाजूच्या फळ्या पसरट दातांच्या सांध्याने जोडलेल्या असतात, सुतार त्याला डोव्हटेल म्हणतात. हाताने केलेले दात थोडे असमान, संख्येने कमी. यंत्राचे एकसारखे. खणाच्या खालच्या कडा वर्षानुवर्षे सरकून झिजलेल्या असल्या पाहिजेत, आणि ज्या पट्टीवर त्या सरकतात तिथेही तशीच झीज हवी. एकीकडे झीज आणि दुसरीकडे नाही, म्हणजे खण दुसऱ्याच कपाटातला.

स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला शोध आहे आणि आपल्या सुतारांच्या हाती तो बराच नंतर आला. असा स्क्रू दिसला म्हणजे वस्तू खोटी असे नाही, बिजागरी बदललेली असू शकते. पण वस्तूभर तेच असतील आणि दुसऱ्या छिद्रांच्या खुणाच नसतील, तर ती शंभर वर्षांची नाही. उलट बुजवलेली रिकामी छिद्रे, जुन्या कोयंड्याची फिकट सावली, अर्धवट कापलेली नक्षी दिसली तर विचार करा की हे दोन वस्तूंचे मिळून एक केलेले असावे. पलंगाच्या उशापासून केलेला बाक आणि दाराच्या चौकटीपासून केलेला आरसा, हे तर सर्रास चालते. बाक म्हणून आवडला तर जरूर घ्या, पण बाकाच्या भावाने.

गोल मेज असेल तर टेप लावा. लाकूड रेषांना आडवे आकसते, लांबीत जवळपास नाही. म्हणून अखंड फळ्यांचे जुने गोल मेज रेषांच्या दिशेने आणि आडवे मोजल्यास काही मिलिमीटरचा फरक सापडतो. अगदी तंतोतंत गोल असेल तर ते नवे आहे, नाहीतर वरची फळी प्लायची आहे.

> सावधान: काळवंडलेला रंग हे वयाचे प्रमाण नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने, चहाच्या अर्काने, अगदी डांबराच्या हाताने लाकूड काळे करता येते. जोधपूरकडून येणारा बराचसा "अँटिक फिनिश" माल नव्या शिसमाचा किंवा आंब्याच्या लाकडाचा असतो. खरी झीज हात-पाय लागतात तिथेच असते: खुर्चीच्या हाताच्या टोकाला, खणाच्या मुठीभोवती, पाय टेकायच्या आडव्या दांड्यावर. कोपऱ्याकोपऱ्याला सारखीच झीज दिसली तर ती साखळीने मारून केलेली असते.

टप्पा ४: लाकूड ओळखणे

"ओरिजिनल बर्मा टीक" हे शब्द ऐकून घ्या आणि सोडून द्या. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात २०१४ पासून बंद केली आहे. जुन्या इमारती पाडताना निघालेल्या तुळया-खांबांतून आजही बर्मी साग मिळतो हे खरे, पण तयार वस्तूकडे बघून तो बर्माचा की डांग-चंद्रपूरकडचा हे दुकानदाराला सांगता येत नाही आणि आपल्यालाही नाही. साग आहे की नाही एवढे ठरवले तरी काम झाले.

खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, परवानगी घेऊन नखाएवढे खरवडा. साग सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि ताजा खरवडल्यावर चामड्यासारखा वास देतो. शिसवी जांभळट-तपकिरी, त्यात काळ्या रेषा, वजनाला जड. फणसाचे लाकूड पिवळे असते आणि वयाने तपकिरी होते. कोकणात आणि गोव्यात ते भरपूर वापरले गेले आणि ते वाईट नाही, फक्त सागाच्या भावाने घेऊ नये. वरचा काळा थर खरवडल्यावर आत फिके पांढरट लाकूड निघाले, तर तो रंगच होता.

अखंड लाकूड की वर पातळ पापुद्रा हे फळीच्या टोकाला कळते. वरच्या रेषा टोकावरून खाली उतरत असतील आणि तिथे गोल वाढीच्या रेघा दिसत असतील तर अखंड. मुंबईतल्या १९३०-४० च्या आर्ट डेको शैलीतल्या मेज-कपाटांवर बहुधा व्हिनियर, म्हणजे असा पापुद्राच असतो. ते कमअस्सल नाही, पण त्याचे फुगे आणि सुटलेले कोपरे नखाने टकटक करून तपासा. पोकळ आवाज आला तर खाली हवा आहे.

दाराच्या मुठींना आणि कड्यांना चुंबक लावा. चिकटले तर लोखंडावर पितळेचा मुलामा.

एक उपेक्षित प्रकार सांगून ठेवतो. १९७०-८० च्या दशकांत असंख्य घरांनी सागवानी टेबलांवर सनमायका चिकटवला. त्यामुळे आज ही टेबले कोणी ढुंकून बघत नाही आणि जवळपास लाकडाच्या भावाने मिळतात. खालून बघा. फळ्या सागाच्या, सांधे घट्ट असतील तर घेऊन टाका. सनमायका ऊब देऊन सावकाश सोलता येतो, डिंक काढायला वेळ लागतो, पण खाली अखंड फळी मिळते. मूळ पृष्ठ व्हिनियरचे असेल तर मात्र सनमायकासोबत तेही निघून येईल.

टप्पा ५: कीड, वाळवी आणि ढेकूण

सगळ्यांत जास्त नुकसान या टप्प्यात होते, कारण एक वस्तू घरातल्या बाकीच्यांना लावून देते.

भुंग्याची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची, गोल. तो मुख्यतः लाकडाच्या बाहेरच्या पांढरट, कच्च्या भागात शिरतो. सागाचा किंवा शिसवीचा पक्का गाभा सहसा सोडतो. म्हणून पाठीच्या पट्ट्या, खणांचे तळ, पायांच्या आतल्या कडा आधी बघा. छिद्र असणे म्हणजे कीड जिवंत असणे नव्हे. जुन्या छिद्रांच्या कडा काळवंडलेल्या, आत धूळ. जिवंत किडीची छिद्रे आतून फिकट, स्वच्छ, आणि खाली पिठासारखा बारीक भुसा. वस्तूखाली पांढरा कागद धरून लाकडावर मुठीने ठोका. ताजा पिवळसर भुसा पडला तर ती वस्तू, कितीही आवडली तरी, उपचाराच्या खर्चासह मोजा किंवा सोडा. सुई आत जात असेल, कड चुरत असेल, तर सोडाच.

वाळवीचे लक्षण म्हणजे मातीच्या बारीक नळ्या आणि ठोकल्यावर पोकळ आवाज. वरचा पापुद्रा शाबूत आणि आत काही नाही, असेही होते. भिंतीला लागून राहिलेली पाठ आणि तळ नीट बघा.

ढेकणांबद्दल कोणी बोलत नाही. पलंगाचे सांधे, खुर्चीच्या वेताची छिद्रे, गादीकामाखालची पट्टी, स्क्रूंची डोकी इथे टॉर्च मारा. काळे ठिपके, पांढरट कात दिसली तर वस्तू घरात आणू नका. जुने गादीकाम आणि जुना वेत दुकानातच काढून टाकायला सांगणे हा सोपा उपाय आहे, नाहीतरी ते बदलावे लागणारच.

> तपासा: खण उघडून नाक आत घाला. डांबरगोळ्यांचा उग्र वास असेल तर तो काय झाकतोय ते बघा. बुरशीचा कुबट वास उन्हात ठेवून कमी होतो, पूर्ण जाईलच असे नाही.

टप्पा ६: बसा, उघडा, हलवा

खुर्चीत पूर्ण वजन टाकून बसा, मागे रेला, मग उठून ती एका पाठच्या पायावर तिरकी करून हलके दाबा. कुरकुर आली तरी चालेल, सांधा उघडताना दिसला तर तो पुन्हा चिकटवायचा आहे. एखाददुसरा ढिला सांधा किरकोळ काम आहे. तुटलेली कूस, म्हणजे खाचेत बसणारे टोकच मोडले असेल तर ते मोठे. सांध्यावर लोखंडी पट्टी किंवा खिळे ठोकलेले असतील तर खाली लाकूड फाटलेले असण्याची शक्यता धरा.

आरामखुर्चीचे लांब हात आणि त्यांतून बाहेर फिरणाऱ्या पट्ट्या पूर्ण उघडून बघा. वेत दाबून बघा. कोरडा वेत तडतडतो. नायलॉनची जाळी असेल तर खऱ्या वेताचा खर्च वेगळा धरा.

इराणी हॉटेलांतल्या खुर्च्यांचा न्याय निराळा. ऑस्ट्रियाच्या मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये काढलेल्या चौदा नंबरच्या खुर्चीचे आणि तिच्या अनेक नकलांचे हे वंशज. वाफवून वाकवलेल्या बीच लाकडाच्या दांड्या, आणि सांधे डिंकाचे नसून स्क्रू-बोल्टचे. त्यामुळे ढिली खुर्ची पाना फिरवूनही घट्ट होते. बघायचे ते दांडीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला गेलेली चीर, आणि पाठीची कमान व मागचे दोन पाय अखंड एकाच दांडीचे आहेत का. मध्ये जोड असेल तर दुरुस्त केलेली किंवा नवी नक्कल. बैठकीच्या गोलाच्या आत शिक्का किंवा कागदी चिठ्ठीचा अवशेष सापडू शकतो. शिक्का नसला म्हणून खुर्ची वाईट ठरत नाही.

कपाटाची दारे उघडून सोडा. आपोआप मिटतात किंवा पसरतात? जमीन वाकडी आहे की चौकट, हे पाहायला टेपने आतले दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे तर चौकट सरळ.

टप्पा ७: भाव, पावती, कायदा

भाव करताना डोक्यात तीन आकडे ठेवा: वस्तूचा, दुरुस्तीचा, वाहतुकीचा. दुरुस्तीचा आकडा दुकानदाराकडून घेऊ नका, आपल्या सुताराला फोटो पाठवून विचारा. तिन्हींची बेरीज त्याच लाकडाच्या नव्या घडवलेल्या वस्तूपेक्षा जास्त होत असेल, तर ती वस्तू तुम्ही हौसेखातर घेत आहात. हौसेला हरकत नाही, पण ते कबूल करून घ्यावे.

पावतीवर लाकूड, अंदाजे काळ, बदललेले भाग आणि "पॉलिश न करता" असे लिहून घ्या. तोंडी "शंभर वर्षे" म्हणणारा पावतीवर ते लिहायला कचरला की उत्तर मिळाले. आगाऊ रक्कम देण्याआधी वस्तूचे, विशेषतः खालच्या बाजूचे, फोटो काढा आणि दिसणार नाही अशा जागी खडूने सही करा. दोन सारख्या खुर्च्यांत अदलाबदल झाल्याची तक्रार नंतर सिद्ध करता येत नाही.

हस्तिदंताचे जडावकाम असलेली वस्तू घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे आणि "हाड आहे हो" हे दुकानदाराचे उत्तर तपासायला तुमच्याकडे साधन नाही. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी जपावे: शंभर वर्षे वा अधिक जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू त्याहून अलीकडची असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. शिसवी-शिसमाच्या वर्गावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे वेगळे निर्बंध आहेत. आजोबांची शिसवी खुर्ची न्यू जर्सीला नेण्याआधी कागदपत्रांचे बघा, मग पॅकिंगवाल्याला फोन करा.

टप्पा ८: आणताना

खण काढून वेगळे न्या, किल्ल्या पाकिटात. सुटे होणारे कपाट सुटे करा आणि प्रत्येक भागाच्या आत खडूने खूण करा, डावे-उजवे लिहा. खुर्ची हाताला किंवा पाठीला धरून उचलू नका, बैठकीच्या चौकटीला धरा. संगमरवरी पाट आणि आरसा नेहमी उभा न्यायचा. आडवा धरला तर स्वतःच्या वजनाने तडकतो. टेम्पोत दोरीखाली गोणपाट घाला, नाहीतर कडेवर दोरीचा चर उमटतो.

टप्पा ९: घरात वेगळे ठेवा

थेट जागेवर लावू नका. गॅलरीत किंवा रिकाम्या खोलीत, उन्हाच्या झोतापासून दूर, दोन-तीन आठवडे ठेवा. खाली काळा कागद पसरा आणि जुन्या छिद्रांवर मेणाचा ठिपका द्या. कागदावर भुसा पडला किंवा नवे उघडे छिद्र दिसले, तर कीड जिवंत आहे. मग पेस्ट कंट्रोलवाल्याकडून छिद्रांत औषध भरून घ्या आणि पुन्हा तेवढेच दिवस थांबा. रॉकेल पुसून कीड जात नाही. वास मात्र महिनाभर राहतो.

याच काळात लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळवून घेते. बंद गोदामातून आलेले कपाट लगेच एसीच्या खोलीत ठेवले तर फळ्या तडकू शकतात.

> सावधान: जुना तैलरंग लावलेली वस्तू, विशेषतः पाळणा किंवा मुलांचे टेबल, कोरडी घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना घातक. ओले करून, मास्क लावून, घराबाहेर काम करा किंवा जाणकाराला द्या.

टप्पा १०: दुरुस्तीचा क्रम

पहिले काम स्वच्छतेचे. कोरडा ब्रश, मग साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेले फडके, लगेच कोरडे पुसणे. इथे थांबून बघा. मळ निघाल्यावर बऱ्याच वस्तूंचे जुने पॉलिश शाबूत निघते आणि नुसते मेण पुरते. खालच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाका. काही क्षणांत चिकट झाले तर ते लाखेचे पॉलिश. ते सगळे न काढता वरच्यावर ताजे करता येते. काही झाले नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे अलीकडचे रासायनिक पॉलिश.

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून रंग काढून देणारे स्वस्तात काम करतात. देऊ नका. सोड्याने साग काळा पडतो, सांध्यांतला डिंक सुटतो, आणि नीट धुतले नाही तर नंतर पॉलिशमधून पांढरे डाग वर येतात.

दुसरे काम सांध्यांचे. जुने सांधे सरसाने, म्हणजे हाडा-कातड्याच्या डिंकाने, चिकटवलेले असतात. त्यावर फेविकॉल ओतून दाबले तर ते धरत नाही. सांधा पूर्ण उघडायचा, जुना सरस कोमट पाण्याने आणि पटाशीने काढायचा, सुकू द्यायचे, मग नवा डिंक लावून रात्रभर शिकंजात आवळायचे. सुताराला आधीच सांगा: खिळा नको, लोखंडी कोपरा नको. ठिगळ लावायचे तर त्याच जातीच्या जुन्या लाकडाचे.

तिसरे पॉलिश, आणि ते पावसाळा संपल्यावर. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते मे हा काळ बरा. खुर्च्या, कपाटे, पलंग यांना लाखच द्यावी असे माझे मत, कारण ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. जेवणाच्या मेजाला मात्र गरम भांडी आणि सांडलेले पाणी सोसायचे असते, तिथे पीयू दिले तरी चालेल. चकाकी कमी ठेवायला सांगा, नाहीतर पॉलिशवाला आपल्या आवडीने आरसा करून देईल.

वेत विणणे पॉलिशनंतर. आधी विणून घेतला तर पॉलिशचे हात वेतावर बसतात आणि तो कडक होऊन लवकर तुटतो. नवा वेत घट्ट झाल्यावर एक-दोन दिवस त्यावर बसू नये. पुढे वर्षातून दोनदा खालच्या बाजूने ओले फडके फिरवले तर तो लवचिक राहतो.

जागेवर लावताना भिंतीपासून दोन-तीन इंच सोडा, बाहेरची भिंत पावसात ओलावत असेल तर ती टाळाच. पायांखाली पितळी किंवा नायलॉनच्या टोप्या बसवून घ्या, आणि घरात लादी पुसणाऱ्याला सांगून ठेवा की पायांभोवती फडके पिळूनच फिरवायचे.